वाडग्याच्या काठावरची सगुणा

शनिवारची दुपार म्हटलं की मला अजून चिंचेचा वास येतो. भिजवलेल्या चिंचेचा कोळ, वस्त्रगाळ केलेली रांगोळी आणि बाबांच्या जुन्या धोतराच्या चिंध्या एवढं घेऊन आई पडवीत बसायची आणि मला हाक मारायची. हाक एकदाच. दुसऱ्या हाकेच्या ऐवजी आई स्वतःच यायची, आणि ते मला परवडणारं नव्हतं. मग ती कमरेची किल्ली सोडून कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडायची आणि तांबड्या फडक्यातून चर्चची चांदी बाहेर काढायची. एक रुंद तोंडाचा वाडगा, एक लांब मानेची झारी आणि तळहातावर मावेल असा चांदीचा शिंपला. नांदेडच्या आमच्या मंडळीत जो कुणी ख्रिस्ती झाला तो या तीन भांड्यांतल्या पाण्यानं झाला. झारीतून पाणी वाडग्यात, वाडग्यातून शिंपल्यात, शिंपल्यातून कपाळावर. माझाही बाप्तिस्मा त्यांनीच झाला आणि मी तेव्हा एवढा टाहो फोडला की पाळकांचा शिंपला हातातून सुटला, असं आई चारचौघांत सांगायची. शिंपल्याच्या कडेला एक पोचा होता. तो माझ्या नावावर जमा होता.

चर्चच्या कपाटाला वाळवी लागली तेव्हापासून ही चांदी आमच्या घरी असे. बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर चर्चच्या पाठभिंतीला लागून होतं. घर साधं. सकाळी भाकरी आणि ठेचा, रात्री भाकरी आणि येसराची आमटी, रविवारी उपासनेनंतर मटणाचा रस्सा, तोही नळीवरून माझं आणि भावाचं भांडण झाल्याशिवाय पोटात जायचा नाही. पण त्या पेटीमुळे आम्ही स्वतःला कुणीतरी समजत होतो. आईला तर तो मोठाच मान होता. उमरीकडच्या खेड्यात तिच्या लहानपणी तिला पाण्याच्या घागरीलाही कुणी शिवू देत नव्हतं, आणि इथं सगळ्या मंडळीची चांदी तिच्या कमरेच्या किल्लीत. रविवारी ती वाडगा दोन्ही हातांनी धरून वेदीपर्यंत चालत जायची तेव्हा पदर डोक्यावरून ढळायचा नाही आणि मान खाली जायची नाही. मागून येणाऱ्या बायका म्हणायच्या, सुंदराबाईच्या हाताला गुण आहे, चांदी कशी आरशासारखी ठेवलीय. तो गुण खरं तर माझ्या हाताचा होता. घासायची मी. आई नुसती उन्हात धरून बघायची आणि म्हणायची, अजून एक हात मार.

ही किल्ली आईकडे आली मार्थाबाईंकडून. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो, नात्यानं त्या कुणाच्याच नव्हत्या. आईच्या आधी चांदीची राखण त्यांनीच केली होती. मुलाला लातूरला दालमिलमध्ये काम लागलं, तेव्हा त्याही तिकडे गेल्या आणि मिलमध्ये डाळ निवडायला बसू लागल्या. जाताना त्यांनी आईच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "सुंदरे, माझ्या आईला सांभाळ." त्यांची आई कधीच देवाघरी गेलेली होती. सांभाळायचं होतं ते तिचं नाव.

ते नाव वाडग्याच्या काठावर होतं, बाहेरच्या बाजूनं. सगुणा. दुष्काळात मिशनच्या फाटकाशी सापडलेली पोर. आईबाप कोण, गाव कोणतं, कुणाला ठाऊक नव्हतं. विलायतेहून ही भांडी आली तेव्हा त्यांतल्या पाण्यानं पहिला बाप्तिस्मा तिचा झाला, आणि त्या वेळच्या गोऱ्या मडमेनं गावातल्या कारागिराकडून काठावर तिचं नाव मराठीत कोरून घेतलं. मडमेचं स्वतःचं नाव वाडग्याच्या बुडाला, इंग्रजीत. पुढं सगुणाबाईंनी जन्मभर महारोग्यांच्या वॉर्डात पट्ट्या धुतल्या. मार्थामावशी त्याच आवारात वाढल्या. सगुणाबाईंचा फोटो नव्हता. नदीकाठची जुनी दफनभूमी पुरानं खाल्ली, तिच्याबरोबर त्यांची कबरही गेली. राहिली होती फक्त ती काठावरची तीन अक्षरं.

मार्थामावशी दर नाताळाला एसटीनं नांदेडला यायच्या. पिशवीत मिलमधली तूरडाळीची चुरी असायची, आणि त्यांच्या अंगालाही डाळीच्या कोंड्याचा वास असायचा. आई त्या चुरीचं घट्ट वरण करायची, वर लसणाची फोडणी. जेवणं झाली की मावशी हात धुऊन, पुसून, भिंतीला टेकून बसायच्या आणि आई पेटी उघडून वाडगा त्यांच्या मांडीवर ठेवायची. मावशींना वाचता येत नव्हतं. पुढं डोळ्यांत मोतीबिंदूही उतरला. त्या काठावरून तर्जनी फिरवत जायच्या आणि एका ठिकाणी बोट थांबायचं. मग अक्षरांवरून हळूहळू मागंपुढं. कधी एखादी गोष्ट आईच्या कानावर घालावी तशा काहीबाही पुटपुटायच्या, सुनेची तक्रार, मुलाचा पगार, गुडघ्याचं दुखणं. आम्हा पोरांना हसू यायचं. आई डोळे वटारायची.

त्या नाताळाला मावशींच्या सुनेला नुकतीच मुलगी झाली होती. मावशी ती बातमी आईला, म्हणजे वाडग्याला, सांगायला आल्या होत्या. बोट काठावर ठेवलं, फिरवत नेलं, ते थांबलं नाही. त्यांनी वाडगा थोडा वळवला, पुन्हा सुरुवात केली. अख्खा काठ फिरून झाला. मग दुसऱ्या हाताचं बोट लावून पाहिलं. मी समोरच बसून शेंगा सोलत होते, मी पुढं वाकून पाहिलं. काठ गुळगुळीत होता. तिरपा धरला तर शेवटचा काना तेवढा जरासा दिसत होता. दर शनिवारी मी तो वाडगा मांडीवर घेऊन घासत होते आणि नाव झिजतं आहे हे मला कळलं नव्हतं. नाव तोंडपाठ होतं, त्यामुळे वाचायची वेळच कधी आली नव्हती. मी आईकडे पाहिलं. तिलाही त्याच घटकेला कळलं होतं.

मावशींनी वाडगा खाली ठेवला. स्वतःची बोटं एकमेकांवर चोळली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "सुंदरे, माझी बोटं गेली गं."

आता सांगायचं होतं. ती वेळ होती. आईचं तोंड उघडलंसुद्धा, मी पाहिलं आहे. आणि ती म्हणाली, "थंडी हाय मावशी. थंडीनं व्हतंय तसं."

मला तेव्हा त्यात फारसं काही वाटलं नाही हे आज लिहितानाही लाज आणतं. उलट वाटलं, वाचलो. चोरी पकडली गेली नाही याचंच समाधान. मावशी दुसऱ्या दिवशी लातूरला गेल्या, आम्ही त्यांच्याबरोबर करंज्या बांधून दिल्या आणि विषय संपला असं मी धरून चालले. आईनं मात्र त्या शनिवारी पेटी उघडली नाही. मी विचारलं नाही. शनिवारी दुपारी खेळायला मिळालं, मला तेवढं पुरे होतं.

ज्वारी काढणीला आली त्या सुमाराला मावशींचा मुलगा येसूदास एकटाच आमच्याकडे आला. बाबांना बाजूला घेऊन बोलू लागला, पण आमच्या घरात बाजू अशी नव्हतीच. चुलीशी आई भाकरी थापत होती, मी तिच्याजवळ. त्यानं विचारलं, महारोगावर गुपचूप देता येईल असं काही औषध आहे का. बाबा म्हणाले, कुणाला झालाय? तो रडायलाच लागला. म्हणाला, म्हातारी नाताळाहून आली तशी घरात आली नाही. मागं कडब्याजवळ पत्र्याचं छप्पर आहे तिथं झोपते. ताट वेगळं, तांब्या वेगळा. नात झाली तिला अजून हातात घेतलेलं नाही, पोर रडली की लांबूनच गाणं म्हणते. मिलमध्येही जात नाही, माझा हात डाळीला नको म्हणते. डॉक्टरकडे चल म्हटलं तर पाया पडते, कुणाला सांगू नको, तुझं काम जाईल, मोठ्या पोरीची सोयरीक मोडेल.

बाबांनी विचारलं, अंगावर डाग आहे का? डाग नव्हता. मग कशावरून?

"बोटाला कळंना झालंय म्हणं," येसूदास म्हणाला. "तुमच्या हितं वाडग्यावरचं नाव लागलं न्हाई, तवापासून. मग तिला समदंच आठवून राहिलं. तव्यावरची भाकर उलटताना चटका बसत न्हाई, सुई टोचली तर समजत न्हाई. वॉर्डात समद्यांचं असंच सुरू व्हायचं म्हणती."

तव्यावरची भाकरी हातानं उलटताना आमच्याकडे कुठल्याच बाईला चटका बसत नाही. आईलाही बसत नव्हता. पण त्या वेळी तिच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली, करपली, धूर निघाला, तरी तिनं ती उलटली नाही. मीच शेवटी उलथनं घेतलं. बाबांनी येसूदासला शक्तीच्या गोळ्या दिल्या, म्हातारीला काही करून घेऊन ये म्हणून बजावलं, आणि तो निघून गेला. सांगायची ती दुसरी वेळ होती, तीही गेली.

बाबा दवाखान्यात गेल्यावर मी म्हणाले, आई, सांगून टाकू. मी घासलं म्हणून सांग, मला बोलू दे त्यांना काय बोलायचं ते. आई म्हणाली, "काय सांगू? तुझी आई घासून टाकली म्हणू?"

आज वाटतं, त्या एका प्रश्नात तिचं सगळं आलं. तिला किल्ली जाण्याची भीती होती, हे खरं. उमरीकडची ती पोर तिच्या अंगातून कधी गेलीच नव्हती, आणि मान गेला तर आपण पुन्हा तिथं जाऊन पडू असं तिला वाटायचं. पण तेवढंच नव्हतं. ज्या बाईनं आपल्यावर भरवसा टाकला तिच्या आईचं जगातलं शेवटचं चिन्ह आपण पुसलं, तेही हयगयीनं नव्हे, मायेनं पुसलं, हे सांगायला तिला तोंड नव्हतं. हयगय असती तर माफी मागता आली असती.

तिनं दुसरा रस्ता काढला. वाडगा पिशवीत घालून, वर मेथीची जुडी ठेवून, मला घेऊन ती सराफ्याजवळच्या बोळात गेली. तिथं एक म्हातारे मुसलमान कारागीर भांड्यांवर नावं टाकायचे, लग्नातल्या ताटांवर, घागरींवर. त्यांनी वाडगा हातात घेऊन अंगठ्यानं काठ दाबून पाहिला. आई म्हणाली, नाव खोल टाका, बोटाला लागलं पाहिजे. ते म्हणाले, "चांदी पतली हो गई बाई. गहरा करूं तो छेद पड़ता." मग आईचा चेहरा पाहून म्हणाले, "देखतूं." आईनं कोळशानं नाव लिहून दिलं, त्या उरलेल्या कान्याला धरून मागं मागं. म्हाताऱ्यांनी विचारलं, हे कुणाचं? आई म्हणाली, माझ्या आजीचं. मी आईला खोटं बोलताना कधी पाहिलं नव्हतं, आणि आता ते तिला इतकं सहज येऊ लागलं होतं की मला तिची भीती वाटली. त्यांनी छिन्नीला हात लावण्याआधी बिस्मिल्ला म्हटलं आणि टकटक करत सगुणाबाई परत काठावर आल्या. अक्षरं चकचकीत, कडा तीक्ष्ण. घरी येऊन आईनं त्यांवर काजळी चोळली आणि चांगली मुरू दिली.

पुनरुत्थानाच्या सणाला मावशींच्या नातीचा बाप्तिस्मा होता. येसूदासनं मोठ्या मिनतवारीनं म्हातारीला आणलं. त्या चर्चमध्ये आत आल्याच नाहीत, बाहेर कडुलिंबाखाली बसल्या, हात पदराखाली. काय वाळल्या होत्या. आई वाडगा घेऊन त्यांच्याकडे गेली, मी झारी घेऊन मागं. आई म्हणाली, मावशी, एकदा बघा. त्या नको म्हणाल्या. माझा हात नको त्याला, पोरीचं पाणी पडायचंय त्यात. आईनं त्यांचा हात पदराखालून ओढून काढला आणि बोट काठावर ठेवलं.

बोट फिरत फिरत गेलं आणि थांबलं. पुढं गेलं, मागं आलं. पुन्हा पुढं. मग त्या उठल्या, कुणाचा आधार न घेता, आणि तरातरा आत गेल्या. सुनेच्या मांडीवरून त्यांनी नात उचलली. पहिल्यांदाच. तिच्या गालावरून, कानावरून, पायाच्या बोटांवरून त्यांचे हात असे फिरत होते की बघवत नव्हतं. पोर घाबरून रडायला लागली तरी सोडेनात. बाप्तिस्मा झाला. उपासना संपताना पाळकांनी, कुणाला साक्ष द्यायची आहे का, असं विचारलं तेव्हा त्या नातीला घेऊनच उभ्या राहिल्या.

"माझी बोटं मेली व्हती," त्या म्हणाल्या. "प्रभूनं आज माघारी दिली. माझ्या आईच्या नावावर दिली."

सगळी मंडळी हालेलुया म्हणाली. बाया रडल्या. बाबा तेवढे माझ्या कानाशी कुरकुरले, की गोळ्या आपण दिल्या आणि नाव देवाचं झालं. ती तिसरी वेळ होती. आई पहिल्या बाकावर बसली होती आणि तिनं गीताचं पुस्तक तोंडासमोर धरलं होतं. पुस्तक उलटं होतं. मी तिच्या शेजारी उभी राहून सगळ्यांत मोठ्यानं गायले. माझा आवाज तेव्हा चांगला होता. अजून लोक त्या दिवसाच्या माझ्या गाण्याची आठवण काढतात आणि मी मान खाली घालते, त्यांना तो विनय वाटतो.

त्यानंतर आईनं चांदी घासू दिली नाही, मला हातही लावू दिला नाही. नुसती पाण्यानं धुवायची आणि पुसून ठेवायची. वर्षभरात वाडगा काळवंडला. बायका आधी आडून आणि मग तोंडावर बोलू लागल्या, सुंदराबाईला आता आळस भरला, मान डोक्यात गेला. पाळकांनी एकदा समजावलं, मग रागावले. आई ऐकून घ्यायची. ज्या बाईनं चार लोकांतल्या मानासाठी एवढं केलं, ती त्याच लोकांत आळशी ठरून राहिली. मला वाटतं तिनं स्वतःला दिलेली ती शिक्षा होती, आणि वर तेवढीच राखणही. काळ्या वाडग्यावर मार्थामावशींचं बोट दर नाताळाला बरोबर थांबायचं. तेवढा वेळ आई चुलीकडे तोंड करून बसायची.

दर वर्षी ती म्हणायची, यंदा सांगते. मग एका पावसाळ्यात लातूरहून निरोप आला. आम्ही मातीला गेलो. ती नात, आता चांगली मोठी झालेली, आजीच्या हातांवर डोकं ठेवून बसली होती. परतताना एसटीत आई फक्त एकदा बोलली. "तिनं पोरीला उचललं. ते तर खोटं नव्हतं ना?" मी म्हणाले, नव्हतं. दुसरं काय म्हणणार? पण तो सगळा हिवाळा, ते छप्पर, ते लांबून म्हटलेलं गाणं, तेही खोटं नव्हतं. ते मी बोलले नाही. आई गेली तेव्हाही नाही.

आता मी लातूरला मुलाकडे असते. खिडकीखालून क्लासची पोरं दुचाक्यांवरून दिवसभर जातात. साखरेच्या आजारानं माझ्या बोटांची टोकं बधिर झाली आहेत, शर्टाचं बटण लावायला सुनेला हाक मारावी लागते. यंदा सणाला नांदेडला गेले होते. चांदी आता रूपाली नावाच्या तरुण मुलीकडे असते, दवाखान्यात नर्स आहे. वाडगा पुन्हा आरशासारखा झालेला. मी म्हणाले, जरा दे बघू. मांडीवर घेतला आणि काठावरून बोट फिरवलं. ते कुठं थांबलं नाही. पुन्हा फिरवलं. चष्मा घरी राहिला होता. नाव गेलं की बोटं गेली, मला कळेना.

मी तिला विचारलं, नाव आहे का गं तिथं?

रूपाली वाकली. वाडगा उजेडाकडे वळवला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखत होते, त्या नाताळाला आईच्या चेहऱ्यावर पाहिलेलं.

"न्हाई आजी, गेलंय," ती म्हणाली. "मी लई घासते ना दर शनिवारी. माझंच चुकलं."

आणि तिनं माझा हात धरला, बस. वीज पडली नाही, किल्ली कुणी काढून घेतली नाही. मी रडायला लागले तेव्हा ती बिचारी घाबरून माफी मागत राहिली आणि तिला कसं सांगावं मला समजेना. एवढंच होतं ते. एका वाक्याचं काम होतं. ते आम्ही केलं नाही म्हणून लातूरच्या त्या पत्र्याखाली एक म्हातारी हिवाळाभर जर्मनच्या वेगळ्या ताटलीत जेवली, आणि आत नात रडत होती.